नाताळ हा उसना सण आहे काय?

गेल्या आगमनकाळात आपल्या एका तरुणाने नाताळच्या मिस्साला यावयाचे नाकारले. त्याची आई रडत माझ्याकडे आली. मी त्याला भेटलो, तेव्हा तो म्हणाला, "फादर, नाताळ मूळचा रोमनांच्या सूर्यदेवाचा सण. मग तो आपण का पाळावा?" प्रश्न प्रामाणिक होता; उत्तरही तसेच हवे.

इ. स. २७४ मध्ये सम्राट ऑरेलियनने रोममध्ये 'अजिंक्य सूर्या'चे मंदिर उभारले, हे खरे. इ. स. ३५४ च्या एका रोमन ग्रंथात २५ डिसेंबर हा 'अजिंक्या'चा जन्मदिन म्हणून नोंदला आहे, आणि त्याच ग्रंथात तो ख्रिस्तजन्माचाही दिवस आहे. कोणी कोणाची तिथी घेतली, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहे. मरियेला देवदूताचा निरोप २५ मार्चला मिळाला असे मानून त्यापुढे नऊ महिने मोजले, असेही काही विद्वान सांगतात.

तिथी उसनी घेतली असली, तरी बिघडले काय? इ. स. ६०१ मध्ये परमगुरू थोर ग्रेगरी ह्यांनी इंग्लंडमधील धर्मप्रचारकांना कळविले, की मूर्ती काढा, पण देवळे पाडू नका. ती शुद्ध करून देवाच्या भक्तीस लावा.

कल्पित कथांचे थोर लेखकही ह्याच वाटेने गेले. सी. एस. लुईस ह्यांच्या १९५० च्या नार्नियाकथेत चेटकिणीच्या शापाने सदैव हिवाळा असतो, पण नाताळ कधीच येत नाही. तेथे ग्रीक-रोमन पुराणांतील वनदेवता आणि नाताळबाबा एकत्र नांदतात. कॅथलिक लेखक टोल्किन ह्यांच्या कथेत अंगठीच्या नाशासाठी निघालेले सोबती २५ डिसेंबरला प्रस्थान ठेवतात, आणि ती अंगठी २५ मार्चला नष्ट होते. जुन्या दंतकथांचा ह्या लेखकांनी तिरस्कार केला नाही. त्यांतील आशेला त्यांनी नवे घर दिले.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास गोंड बांधव दंडारी साजरी करतात. मोरपिसांचा मुकुट घातलेले गुसाडी गावोगाव नाचतात. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. आपली उपासना निराळी आहे; परंतु ह्या सणांची थट्टा आपल्या मुलांनी करू नये. अंधार सरावा, पीक घरी यावे, पूर्वजांचे स्मरण राहावे, ही ओढ देवानेच मानवाच्या अंतःकरणात ठेविली आहे.

त्या तरुणाला मी इतकेच म्हणालो, "दिवा कोणत्या कोनाड्यात ठेवला हे पाहू नकोस, ज्योत कोणाची आहे ते पाहा." मातापित्यांनो, तुमच्या मुलांनी असे विचारले तर रागावू नका. गोठा सजविताना त्यांना जवळ बसवा आणि खरे तेच सांगा.