दर्यापुरात दर्या आणायचा तर?

अमरावती जिल्ह्यात दर्यापूर आहे. नावातच दर्या! विहिरींचं पाणीही खारट. नाही तो फक्त समुद्र. तो शेकडो किलोमीटर लांब राहिला.

तिथल्याच एका पोट्ट्यानं मला विचारलं, "आमच्या विहिरीचं पानी खारंच हाये. मंग त्यातच निमो सोडला त काय झालं?"

निमो म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा क्लाउनफिश. बाकीची मुलं खो खो हसली. मी नाही हसलो. कारण असाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता!

खारं, पण कसलं खारं?

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. इथल्या विहिरींचं पाणी घोटभरही पिववत नाही. पण समुद्रापुढे ते काहीच नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात तब्बल ३५ ग्रॅम क्षार असतात.

आणि गंमत नुसती खारटपणात नाही, मिश्रणात आहे. समुद्रात सोडियम आणि क्लोराइड सर्वांत जास्त. त्यांच्या जोडीला मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम. कुठल्याही महासागराचं पाणी घ्या, या मसाल्याचं आपसातलं प्रमाण जवळपास तेच. जमिनीखालच्या पाण्यात मात्र जशी माती तसा मसाला.

हरियाणात रोहतकजवळ लाहली इथे मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेचं एक केंद्र आहे. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवता येईल का, याचा अभ्यास तिथे झाला. अडचण निघाली पोटॅशियमची. अशा पाण्यात ते फार कमी असतं आणि त्याच्यावाचून कोळंबी तगत नाही. मग पाण्यात पोटॅश मिसळलं, तेव्हा कोळंबी वाढायला लागली. तुमच्या कपाशीला घालतात ना, तेच पोटॅश!

मग काचेच्या टाकीत साधं पाणी घेऊन त्यात घरातलं मीठ टाकलं तर? तेही नाही चालत. त्यात जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. म्हणून समुद्री टाकीसाठी दुकानातून खास समुद्री मीठ आणतात. शंभर लिटर पाण्याला ते साधारण साडेतीन किलो लागतं. पाणी घ्यायचं आरओचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. मीठ आधी बादलीत विरघळवायचं, एक दिवस पंपाने घुसळू द्यायचं आणि पाण्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवायचा. काटा १.०२५ च्या आसपास आला की पाणी जमलं.

मासा लोणचं का होत नाही?

कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं, हे आजीच्या लोणच्यात पाहिलंय ना? समुद्रातल्या माशाचंही तेच होऊ पाहतं. त्याच्या अंगातलं पाणी समुद्रापेक्षा कमी खारट असल्यामुळे ते सारखं बाहेर झिरपतं. म्हणून तो समुद्राचं पाणी पीत राहतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो.

काटेपूर्णा धरणातल्या रोहूचं नेमकं उलट. त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरतं, त्यामुळे तो पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. सारखा मुततो मात्र! दोघांच्या जागा बदलल्या, तर दोघेही मरतील.

आधी भाडेकरू, मग मासे

टाकी भरली, पाणी जमलं. आता मासे? थांबा! आधी चार ते सहा आठवडे टाकी माशांविना चालवायची.

मासा पाण्यात अमोनिया सोडतो. ते त्याच्यासाठी विष असतं. टाकीत हळूहळू वस्तीला येणारे काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी. या भाडेकरूंना राहायला सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे द्यायचे आणि खाऊ म्हणून चिमूटभर मासेखाद्य कुजू द्यायचं. तपासणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की एक-दोन क्लाउनफिश आणायचे. पुढे दर पंधरा दिवसांनी दहावा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे साठलेलं नायट्रेट निघून जातं.

क्लाउनफिशची पैदास आता हॅचरीत होते, तेव्हा तसेच मासे मागा. प्रवाळ आणि समुद्रघोडा मात्र नको. २००१ पासून त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

वऱ्हाडचं ऊन

निमोला हवं २५-२६ अंश तापमान. आणि मे महिन्यात अकोला तर ४५ अंशांच्याही वर जातं! गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. म्हणून टाकी खिडकीपासून लांब ठेवायची, पाण्यावर छोटा पंखा लावायचा. जमलं तर चिलर. आणि लाइन जाते, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज खाली जातं. ती भरायची कशाने? खाऱ्या पाण्याने? चुकलात! उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून वरून साधं आरओचं पाणी घालायचं. नाही तर टाकी दिवसेंदिवस जास्त खारट होत जाईल.

खारपाणपट्ट्यातही असंच काहीसं चालतं. तिथल्या काळ्या मातीतून पाण्याचा निचरा नीट होत नाही. ऊन पाणी उडवून नेतं आणि क्षार मागे राहतात. आता सांगा, त्या पोट्ट्याचा प्रश्न हसण्यासारखा होता का?

टाकीसाठी पैसे साठवायच्या आधी एक करून बघा. स्टीलच्या ताटलीत पाणी घ्या, त्यात चमचाभर मीठ विरघळवा आणि ताटली गच्चीवर ठेवा. संध्याकाळी काय उडालं आणि काय उरलं, ते वहीत लिहा. आणि ताटली धुऊन आईला परत द्या!