हिवतापाचे निर्मूलन : आशा आणि वास्तव

हिवताप हा भारतातील फार जुना रोग होय. तो दूषित हवेने होतो, असा समज जगात शतकानुशतके रूढ होता. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात या रोगाच्या परजीवींची वाढ होत असलेली पाहिली, आणि त्या समजाला तडा गेला. रोगाचे कारण कळले, तरी त्याचा भार मात्र पुढील अर्धशतकभर हलका झाला नाही. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असावा आणि सुमारे आठ लाख लोक त्याने मृत्युमुखी पडत असावेत, असा अंदाज होता. पेरणी आणि कापणी यांच्या ऐन हंगामात घरेच्या घरे अंथरुणाला खिळत. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या तराईतील सुपीक जमिनी तर या तापाच्या भीतीने ओसाड राहिल्या होत्या.

अशा रोगाचा समूळ नायनाट करण्याची आशा देशाने बाळगली. काही काळ ती अगदी हाताशी आल्यासारखी वाटली आणि नंतर पार ढासळली. हा इतिहास समजून घेण्याजोगा आहे. मोठ्या सार्वजनिक कार्यात आशा आणि कटू सत्य यांचा संबंध कसा असतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

आशेचा आधार

ही आशा भाबडी नव्हती. तिच्यामागे भक्कम शास्त्रीय विचार होता. रोगट माणसाचे रक्त प्यालेला डास लगेच रोग पसरवू शकत नाही. परजीवीची वाढ डासाच्या शरीरात पूर्ण होण्यास साधारणतः दहा ते बारा दिवस लागतात. रक्त प्याल्यानंतर जड झालेला डास बहुधा घराच्या भिंतीवर विसावतो. त्या भिंतीवर डी.डी.टी.चा थर असेल, तर तो डास हे दहा दिवस जगत नाही. म्हणजे जगातील प्रत्येक डास मारण्याची आवश्यकता नाही; डासाचे आयुष्य थोडे कमी केले तरी पुरे. अशा प्रकारे रोगाचा प्रसार तीन-चार वर्षे थांबवला, तर माणसांच्या रक्तातील परजीवीही या काळात बहुतांशी नाहीसे होतात. मग डास उरले तरी त्यांनी वाहून नेण्यासारखे काही उरत नाही.

डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण १९३९ साली पॉल म्यूलर यांना आढळला होता. भारतातही त्याचा अनुभव लवकरच आला. तत्कालीन मुंबई इलाख्यातील उत्तर कानडा आणि धारवाड या जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून गावोगाव फवारणी करून दाखवली, आणि तिचे परिणाम उत्साहवर्धक होते. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५५ मध्ये मेक्सिको येथे भरलेल्या जागतिक आरोग्य सभेने जगभर हिवतापाच्या निर्मूलनाचा संकल्प केला. त्यानुसार १९५८ साली भारतानेही कार्यक्रमाच्या नावातील ‘नियंत्रण’ हा शब्द काढून ‘निर्मूलन’ हा शब्द घातला.

हा बदल केवळ शब्दाचा नव्हता. डी.डी.टी.ला दाद न देणारे डास ग्रीससारख्या देशात तोवर आढळू लागले होते. हे औषध फार काळ उपयोगी पडणार नाही, हे तज्ज्ञांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी घाईचा मार्ग पत्करला. डास निबर होण्यापूर्वीच रोग संपवावयाचा, असा त्यांचा हिशेब होता. निर्मूलनाची आशा ही अशा रीतीने एका कटू सत्याच्या जाणिवेतूनच जन्माला आली होती.

यश आणि त्याचे ओझे

कार्यक्रमाच्या चार अवस्था ठरविण्यात आल्या : पूर्वतयारी, आक्रमण, दृढीकरण आणि देखभाल. आक्रमणाच्या अवस्थेत घरोघरी फवारणी होई. दृढीकरणाच्या अवस्थेत फवारणी थांबे आणि तिची जागा देखरेख घेई. कर्मचाऱ्याने दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जावे, कोणाला ताप येऊन गेला काय अशी चौकशी करावी, बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावा आणि तो प्रयोगशाळेकडे पाठवावा, अशी ही पद्धत होती.

फळ चटकन दिसले. १९६१ साली देशभरात नोंदलेल्या रुग्णांची संख्या सुमारे पन्नास हजारांवर आली. १९६५ साली ती एक लाखाच्या आसपास होती आणि हिवतापाने झालेल्या एकाही मृत्यूची नोंद नव्हती. साडेसात कोटींवरून एक लाख, हे सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक थोर यश होते, यात शंका नाही. दिल्लीतील हिवतापविषयक राष्ट्रीय संस्थेचे नाव १९६३ साली बदलून तिला सर्वच सांसर्गिक रोगांची संस्था करण्यात आले. जो रोग जाणार, त्याच्या नावाने संस्था कशाला, असे त्या काळी अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

परंतु पन्नास हजारांवरून एक लाख ही वाढ होती, आणि ती वाढ सांगणाऱ्या खुणा ठिकठिकाणी उमटत होत्या. गुजरातेत १९५९ मध्येच डी.डी.टी.ला न जुमानणारे डास सापडले होते. काचपट्ट्या गोळा होत, पण प्रयोगशाळांत त्या तपासणीवाचून साचून राहात. अहवाल हाती येईपर्यंत त्या तापाने आणखी काही घरे गाठलेली असत. देखभालीची अवस्था ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या स्वाधीन व्हावयाची, ती केंद्रे अनेक भागांत पुरती उभीही राहिली नव्हती. शहरांचा तर मूळ योजनेत फारसा विचारच नव्हता. मुंबईसारख्या शहरात विहिरी आणि पाण्याची टाकी यांत वाढणाऱ्या डासांचा प्रश्न १९११ सालच्या बेंटली यांच्या अहवालापासून माहीत होता. तरीही शहरी योजनेस १९७१ साल उजाडावे लागले.

निर्मूलनाच्या वेळापत्रकात या खुणांना जागा नव्हती. ठरलेल्या मुदतीत शून्यावर पोहोचावयाचे असले की नवा रुग्ण ही उपयुक्त माहिती न राहता अपयशाची खूण वाटू लागते. काही विभाग पुन्हा आक्रमणाच्या अवस्थेत आणावे लागले, पण रोग वाढत होता त्या वेगाने साधने वाढली नाहीत. १९७१ साली रुग्णसंख्या तेरा लाखांवर गेली. १९७३ मध्ये आसामात क्लोरोक्विन या मुख्य औषधाला दाद न देणारा परजीवी आढळला. १९७६ साली नोंदलेल्या रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर पोहोचली.

श्रीलंकेचा अनुभव

शेजारच्या श्रीलंकेत हीच गोष्ट अधिक थोडक्यात घडली. १९३४-३५ च्या साथीत तेथे सुमारे ऐंशी हजार माणसे दगावली होती. १९६३ साली संपूर्ण बेटावर केवळ १७ रुग्ण उरले. फवारणी थांबली, देखरेख सैल झाली, आणि १९६९ साली रुग्णांची संख्या पाच लाखांपलीकडे गेली. सतरा हा आकडा खरा होता. पण कार्य संपले, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नव्हता.

सत्याचा स्वीकार

१९६९ साली जागतिक आरोग्य सभेने आपल्या धोरणाचा फेरविचार केला आणि अनेक देशांत निर्मूलन तूर्त शक्य नाही हे मान्य केले. भारताने १९७७ साली सुधारित योजना स्वीकारली. तिची उद्दिष्टे माफक होती : मृत्यू टाळणे, आजाराचे प्रमाण घटविणे आणि शेती व उद्योग यांची हानी थांबविणे. दर हजारी दोन वा अधिक रुग्ण असतील तेथेच फवारणी करावी, असे ठरले. गावोगावी तापावरील औषध मिळण्याची केंद्रे उघडण्यात आली. त्याच वर्षी हिवतापाच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्रही स्थापन झाले. ज्या विषयाला निरोप दिल्यासारखे झाले होते, त्याचा अभ्यास पुन्हा आरंभापासून करावा लागला.

ही माघार होती, पण ती निष्फळ ठरली नाही. काही वर्षांतच रुग्णसंख्या वीस लाखांच्या आसपास आली. कार्यक्रमाच्या नावात मात्र ‘निर्मूलन’ हा शब्द १९९९ पर्यंत तसाच राहिला. उद्दिष्ट सोडून दिल्यानंतरही त्याचे नाव सोडवत नाही, हे येथे दिसते.

रोग किती आहे, हे जाणणेही सोपे नसते. २०१० साली भारतीय व परदेशी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात देशात हिवतापाने दरवर्षी सुमारे दोन लाख मृत्यू होत असावेत, असा निष्कर्ष निघाला. त्या काळी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज पंधरा हजारांच्या आसपास होता आणि सरकारी नोंद एक हजाराच्या आसपास. या आकड्यांवर पुष्कळ वाद झाला. दुर्गम गावात रक्ततपासणीवाचून जो मृत्यू होतो, तो कोणत्याच वहीत चढत नाही, एवढे तरी त्या वादातून पुढे आले.

आज निर्मूलनाची आशा पुन्हा व्यक्त होत आहे. २०३० पर्यंत देशातून हिवताप हद्दपार करण्याचे उद्दिष्ट भारताने २०१६ साली जाहीर केले. २०२३ साली नोंदलेले रुग्ण सुमारे सव्वादोन लाख होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने खरी संख्या वीस लाखांच्या घरात होती. या दोन आकड्यांतील अंतर हेच पुढील कामाचे मोजमाप होय.

श्रीलंकेने हे काम करून दाखविले आहे. देशातच लागण झालेला शेवटचा रुग्ण तेथे २०१२ साली आढळला आणि २०१६ साली त्या देशाला हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. यादवी युद्धाच्या काळातही तेथील हिवतापविरोधी कार्य थांबले नव्हते. प्रमाणपत्रानंतर थोड्याच काळात शहरी हिवताप पसरविणारा नवा डास त्या बेटाच्या उत्तरेस मन्नार येथे आढळला. शून्य रुग्ण असतानाही तेथील कर्मचारी डास शोधीत होते, म्हणूनच तो आढळला. १९६३ साली सतरा रुग्ण असताना सैल पडलेले काम या वेळी शून्य असतानाही चालू होते. हिवतापमुक्तीची आशा दोन्ही वेळी सारखीच होती. फरक पडला तो तिच्यासोबत मोजदाद टिकून राहिली की नाही, यामुळे. भारतातील एखाद्या दुर्गम पाड्यावर ज्या तापाच्या रुग्णाचे रक्त आज तपासले गेलेले नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गही यातूनच जातो.