मोनालिसाची चोरी

पॅरिसचे लूव्र संग्रहालय त्या काळी दर सोमवारी प्रेक्षकांसाठी बंद असे. साफसफाई, डागडुजी, चित्रांची छायाचित्रे घेणे ही कामे त्या दिवशी उरकली जात. २१ ऑगस्ट १९११ हा असाच एक सोमवार. त्या सकाळी लिओनार्दो दा विंची याचे ‘मोनालिसा’ हे चित्र भिंतीवरून नाहीसे झाले.

अशा चोरीमागे मोठी टोळी असावी, असे कोणासही वाटेल. वस्तुतः चोर हा एक साधा कारागीर होता. विन्सेन्झो पेरुज्जा हा इटालियन पूर्वी लूव्रमध्ये चित्रांना संरक्षक काचा बसविण्याच्या कामावर होता. त्यास तेथील वाटा ठाऊक होत्या. चित्र लाकडी फळीवर रंगविलेले असल्यामुळे ते गुंडाळता येत नव्हते. परंतु त्याची उंची अवघी ७७ व रुंदी ५३ सेंटिमीटर. आडजिन्यावर त्याने ते चौकटीतून काढले. खालचे दार कुलुपबंद निघाले, तेव्हा तेथे आलेल्या एका नळकाम करणाऱ्याने, हा आपल्यासारखाच कामगार असे समजून, ते उघडून दिले.

खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. रिकामी जागा दिसत असूनही कोणी हाकाटी केली नाही. चित्र छायाचित्रकारांकडे गेले असेल, असे जो तो समजला. मंगळवारी लुई बेरू हा चित्रकार तेथे आला व त्याने चौकशीचा आग्रह धरला, तेव्हा कोठे चोरी उघडकीस आली. तोवर एक संपूर्ण दिवस लोटला होता.

मग मात्र धावपळ झाली. संग्रहालय आठवडाभर बंद राहिले, संचालकांना पदावरून दूर व्हावे लागले. कवी अपोलिनेर यास अटक झाली, चित्रकार पिकासो याची चौकशी झाली. दोघेही या चोरीत निर्दोष होते. पोलीस पेरुज्जाकडेही गेले होते आणि रिकाम्या हातांनी परतले. चित्र मात्र दोन वर्षे पॅरिसमध्येच, त्याच्या पेटीत होते.

डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्स येथील एका विक्रेत्याकडे ते नेले असता तो पकडला गेला. नेपोलियनने लुटलेला ठेवा आपण मायदेशी आणला, असे तो म्हणाला. मोबदल्याची अपेक्षा त्याला होतीच. शिवाय इतिहासही त्याच्या विरुद्ध होता. लिओनार्दो १५१६ मध्ये फ्रान्सला गेला, तेव्हा चित्र त्यानेच सोबत नेले होते व पुढे ते राजा पहिला फ्रान्सिस याच्या संग्रही आले. जानेवारी १९१४ मध्ये ते लूव्रला परत मिळाले.

आज ते जाड संरक्षक काचेमागे आहे. काच १९११ मध्येही होती. उणीव होती ती रिकामी जागा पाहून थांबणाऱ्या आणि ‘चित्र कोठे आहे?’ असे विचारणाऱ्या माणसाची.