हिशेबाबाहेरचे खत

म्हैसूरहून उटीच्या रस्त्याने निघाल्यास सुमारे 60 किलोमीटरवर गुंडलुपेट लागते. 1997 पर्यंत म्हैसूर जिल्ह्यात असलेला हा तालुका आता चामराजनगर जिल्ह्यात मोडतो. बंडीपूरच्या जंगलाला लागून असलेल्या या कमी पावसाच्या मुलखात हळद, झेंडू, सूर्यफूल, मका अशी पिके घेतली जातात आणि त्यांची तहान मुख्यतः कूपनलिका भागवतात. येथील बेरंबाडी नावाचे सुमारे 84 चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र देशातील सर्वाधिक बारकाईने अभ्यासलेल्या शेतजमिनींपैकी एक आहे. बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था आणि फ्रान्समधील संशोधन संस्था यांनी कबिनी नदीच्या खोऱ्यात उभारलेल्या वेधशाळेचा ते भाग आहे. पावसाचे पाणी आणि शेतातील खत जमिनीखाली कोठे जाते, हा तेथील एक मध्यवर्ती प्रश्न आहे.

जमिनीखालचे डोळ्यांना दिसत नाही आणि प्रत्येक शेतात खड्डा खणून उपकरणे पुरणे शक्य नसते. म्हणून संगणकीय प्रारूपाचा आधार घ्यावा लागतो. त्यामागील विज्ञान जुने आहे. वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते याचा नियम हेन्री डार्सी यांनी 1856 मध्ये मांडला. अर्धवट ओल्या मातीतील पाण्याच्या हालचालीचे समीकरण लोरेन्झो रिचर्ड्स यांनी 1931 मध्ये दिले. प्रारूपात माती थराथरांत विभागली जाते. पाऊस, सिंचन, बाष्पीभवन आणि मुळांनी शोषलेले पाणी यांचा हिशेब मांडून दररोज प्रत्येक थरात किती ओल उरली आणि किती पाणी खाली निसटले, हे काढले जाते. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि मातीचे कण त्याला फारसे धरून ठेवत नाहीत. त्यामुळे पाणी मुळांच्या खाली उतरले की नत्रही त्याच्याबरोबर उतरते. बेरंबाडीत पिकांच्या वाढीच्या उपग्रह-नोंदींवरून, प्रारूपाच्या साह्याने, मातीची जलधारणक्षमता उलट दिशेने काढण्याचे प्रयोगही झाले आहेत.

मात्र प्रारूपाला कसोटी लागते ती प्रत्यक्ष मोजणीची. या पाणलोटातील 200 हून अधिक कूपनलिकांच्या पाण्याचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला 1 मिलिग्रॅमपासून 360 मिलिग्रॅमपर्यंत आढळले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे. जेथे पाणीपातळी खूप खोल गेली आहे आणि भूजल आडवे वाहत नाही, तेथे प्रदूषण सर्वाधिक होते. कारण उघड आहे. कठीण खडकातील साठा लहान असतो. उपसलेले पाणी शेतात जाते, त्यातील काही नत्र घेऊन पुन्हा खाली झिरपते आणि तेच पाणी पुन्हा उपसले जाते. प्रत्येक फेरीत ते अधिक दूषित होते. अशा ठिकाणी सिंचनाच्या पाण्यातूनच पिकाला वर्षाकाठी हेक्टरी 200 किलोपर्यंत नत्र मिळू शकते, असा निष्कर्ष या अभ्यासाने काढला. शेतकरी मात्र ते जमेस न धरता वरून खत टाकत राहतो.

हा हिशेब कोणालाही पडताळून पाहता येईल. हंगामात हेक्टरी 500 मिलिमीटर सिंचन म्हणजे 50 लाख लिटर पाणी. त्यात नायट्रेट मर्यादेइतके, म्हणजे लिटरला 45 मिलिग्रॅमच असले, तरी सुमारे 51 किलो नत्र शेतात येते. 45 किलोच्या गोणीच्या हिशेबाने हे सुमारे अडीच गोण्या युरियाइतके झाले. सरकारने अनुदान देऊन विकलेल्या आणि शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेल्या गोण्यांचा एक भाग, म्हणजे, विहिरीत साठून आहे.

महाराष्ट्राने हे परक्या राज्याचे दुखणे समजू नये. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या गुणवत्ता अहवालात राज्यातील तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे 36 टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होते. देशातील सर्वाधिक बाधित 15 जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ हे सात जिल्हे महाराष्ट्राचे आहेत. येथेही कठीण खडक आहे आणि उपसा वाढता आहे. अशा पाण्याने तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही.

धोरणाची रचना मात्र या वर्तुळाकडे पाठ फिरवून उभी आहे. 2015 पासून दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीचे 12 निकष तपासले जातात. सिंचनाच्या पाण्यातील नत्र त्यांत नाही. 2010 च्या पोषणद्रव्याधारित अनुदान धोरणातून युरिया वगळला गेला, म्हणून तो इतर खतांच्या तुलनेत स्वस्त राहिला. कृषिपंपांना मोफत वीज कर्नाटकात आहे आणि 2024 पासून महाराष्ट्रातही साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना आहे. स्वस्त युरिया आणि फुकट उपसा यांचा एकत्रित परिणाम कोणत्याच खात्याच्या फाईलवर दिसत नाही: खत एका मंत्रालयाचे, पाणी दुसऱ्याचे, वीज तिसऱ्याची.

प्रारूपाचा खरा उपयोग येथे आहे. ते शेतकऱ्याला प्रत्येक वाफ्याची अचूक मात्रा सांगू शकणार नाही. खडकातील फटी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती यांपुढे त्याचे अंदाज चुकतातही. पण कोणत्या पाणलोटात नत्र साचत आहे आणि खत किती कमी केले तर उत्पन्न न घटता गळती थांबेल, हे ते परिसराच्या पातळीवर सांगू शकते. त्यासाठी लागणारी सामग्री राज्यात आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेकडे मातीचे नकाशे आहेत आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे हजारो निरीक्षण विहिरींच्या नोंदी. त्या एकत्र आणून खुल्या कराव्यात, मृदा पत्रिकेबरोबर विहिरीच्या पाण्याचीही तपासणी व्हावी आणि पाण्यातून येणारे नत्र वजा करूनच खताची शिफारस दिली जावी.

यांतील तिसऱ्या सुधारणेला संगणकही लागत नाही. पाण्याचा एक नमुना आणि एक वजाबाकी पुरेशी आहे. तेवढे केले, तर शेतकऱ्याच्या खर्चातील काही गोण्या वाचतील आणि गावाच्या पिण्याच्या विहिरीत दरवर्षी पडणारी भर कमी होईल.