निकालाचे धनी कोण?

दहावीचा निकाल लागला कीं दरवर्षीं गांवोगांवच्या पेठांत एकच देखावा दिसतो. उत्तीर्ण मुलांच्या घरीं पेढे वाटले जातात. खाजगी शिकवण्यांचे चालक चौकाचौकांत मुलांचीं छायाचित्रें लावून त्यांच्या गुणांवर आपली मोहोर उमटवितात. आणि ज्यांचीं मुलें नापास झालीं ते आईबाप दोन दिवस दार लोटून बसतात. पास झालेला तो ‘बुद्धिमान’ आणि नापास झालेला तो ‘ढ’ असा शिक्का मारून समाज मोकळा होतो. हा निवाडा इतका सोपा व सोयीचा आहे कीं त्याची उलटतपासणी करण्याचें कोणास सुचत नाहीं. निकालपत्रावर नांव एकट्या मुलाचें असतें हें खरें. परंतु त्या निकालाचे धनी किती जण आहेत, याचा हिशेब आज वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें. आमचे बरेचसे वाचक व्यापारी आहेत. दुकानाचा नफातोटा एकट्या गुमास्त्याच्या नांवावर टाकतां येत नाहीं, माल, भांडवल, गिऱ्हाईक आणि ऋतुमान या सर्वांचा त्यांत वांटा असतो, हें त्यांस आम्हीं सांगावयास नको. तोच न्याय मुलांच्या अभ्यासास लावावा, एवढेंच आमचें मागणें आहे.

प्रथम घराचा वांटा पाहूं. एकाच वर्गांत एकाच बांकावर दोन मुलें बसतात, एक दुकानदाराचें व दुसरें हमालाचें. पहिल्याच्या घरीं वर्तमानपत्र येतें. बाप गल्ल्यावर बसून जमाखर्च लिहितो तो मूल पाहतें. संध्याकाळीं ‘आज काय शिकलास’ असें विचारणारें कोणी तरी असतें. आणि गणित अडलें तर शिकवणी लावण्याची ऐपत असते. दुसऱ्याच्या घरीं एकाच खोलींत चूल, अंथरूण व अभ्यास. दिवसभर पाठीवर पोतीं वाहून आलेला बाप. चार घरचीं धुणींभांडीं उरकून आलेली आई. आणि धाकट्या भावंडास खेळविण्याचें काम याच मुलाकडे. शाळेंत घंटा दोघांसाठीं एकदमच वाजते; परंतु घंटा वाजण्यापूर्वींच एक मूल दुसऱ्याच्या कित्येक कोस पुढें गेलेलें असतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. घराचा वांटा म्हणजे केवळ पैशाचा वांटा नव्हे. ज्या आईस अक्षर येत नाहीं, पण जी रात्रीं मुलाजवळ बसून ‘वाच, मी ऐकतें’ म्हणते, ती पदवीधर पण उदासीन बापापेक्षां मुलास अधिक देते. उलट, आपल्या सुखवस्तु घरांतहि जेवतांना एका हातांत घांस व दुसऱ्या हातांत मोबाईल, असा क्रम चालू असेल, तर तेथें मुलाशीं बोलणार कोण? लहान मूल शब्द शिकतें तें बोलणाऱ्याच्या तोंडून. आणि ज्याच्या कानावर शब्द कमी पडले त्यास पुढें पुस्तकांतील शब्द परके वाटतात.

पुस्तकांतील शब्द सर्वांत परके वाटतात ते ज्याची घरची भाषाच निराळी आहे त्यास. मेळघाटांतील कोरकू मूल, गडचिरोलीचें गोंड मूल, सातपुड्यांतील भिल्ल मूल हीं शाळेंत आलीं म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांस मुकें व्हावें लागतें. खानदेशांतील मूल आपली अहिराणी घेऊन वर्गांत आलें आणि गुरुजींनीं त्यास हंसून ‘शुद्ध बोल’ म्हटलें, तर तें शुद्ध बोलूं लागत नाहीं. तें बोलावयाचेंच सोडतें. तें ढ नाहीं. शाळेनें त्यास त्याच्या भाषेंत एकदाहि हांक मारलेली नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंहि शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेंत शिकवावें असेंच म्हटलें आहे. तें कलम वर्गांत उतरविण्याचें काम अद्यापि पुष्कळसें राहिलें आहे.

घर आणि शाळा यांची फारकत किती दूरवर जाऊं शकते हें पाहावयाचें असेल तर बीड जिल्ह्याकडे पाहावें. दिवाळी सरत आली कीं आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतील वस्त्या रिकाम्या होऊं लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. आणि ती उचल फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रांतील किंवा कर्नाटकांतील एखाद्या कारखान्याच्या फडांत राहणें भाग असतें. बिऱ्हाड परत येतें तें मार्च-एप्रिलांत. शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें. म्हणजे बाराखडीची नुकतीच ओळख होते न होते तोंच मूल पाचटाच्या कोपींत जाऊन पडतें. थोरली मुलगी असेल तर ती फडाच्या कडेला तान्ह्या भावंडास सांभाळते आणि आई येईपर्यंत भाकरी थापून ठेवते. पुढच्या वर्षीं हजेरीपटावर तिचें नांव असतें, वर्ग एकानें वाढलेला असतो, पण वाचन जेथल्या तेथें. या मुलीच्या निकालाची जबाबदारी कोणावर? तिच्या बुद्धीवर कीं त्या उचलीवर?

यावर उपाय सुचले नाहींत असें नाहीं. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या. आईबाप गेल्यावर मुलें गांवींच राहावीं म्हणून हंगामी वसतिगृहें निघालीं. २०२१ सालीं राज्य सरकारनें ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं संत भगवानबाबा यांच्या नांवानें वसतिगृहांची योजना मंजूर केली. या सर्व खटपटींचा अर्थ एकच आहे: घर जेव्हां मुलास आधार देऊं शकत नाहीं तेव्हां दुसऱ्या कोणी तरी घर व्हावें लागतें. आपल्या पेठेंत जी साखर तराजूंत पडते तिच्यामागें अशा किती मुलींच्या शाळेचें अर्धें वर्ष तोललें गेलें आहे, याचा विचार मात्र तराजू धरणाऱ्यानें व साखर खाणाऱ्यानें केला पाहिजे.

हा विचार महाराष्ट्रास नवा नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देतांना जोतीराव फुले यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी तर केलीच, पण शिक्षक शेतकऱ्यांतूनच निघावे, ते नांगर धरणारे व लोकांत मिसळणारे असावे, असेंहि सांगितलें. शाळा आणि घर यांच्यामधील भिंत त्यांस स्पष्ट दिसली होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल मांडलें, तें पुढील वर्षीं फेंटाळलें गेलें; पण कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू केलें. त्याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, त्याच्याहि पूर्वीं, १९०१ पासून, त्यांनीं वसतिगृहें उघडण्यास आरंभ केला होता. खेड्यांतील मुलास शहरांत शाळा आहे, पण राहावयास जागा नाहीं, तर ती शाळा असून नसल्यासारखी, हें त्या राजानें ओळखलें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं. मुलांच्या पोटास कमी पडूं नये म्हणून लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने मोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आणि तारा मोडक यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें आरंभिलेल्या कार्यांतून, पुढें अनुताई वाघ यांच्या साथीनें कोसबाडला, गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा चालविली. मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळेनें कुरणांत जावें! एवढ्या साध्या वाक्यांत शिक्षणशास्त्राचें मर्म येऊन जातें.

आतां शाळेचा वांटा. घरावर सर्व भार टाकून शाळेनें नामानिराळें राहावें असें आमचें म्हणणें नाहीं. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीप्रमाणें देशाच्या ग्रामीण भागांत सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचूं शकणारीं मुलें शेंकडा २३.४ होतीं, पांचवींत हें प्रमाण ४४.८ होतें. २०२२ च्या पाहणीपेक्षां हे आंकडे वाढलेले आहेत, ही समाधानाची गोष्ट. तथापि पांचवींतील निम्म्याहून अधिक मुलांस दुसरीचा उतारा वाचतां येऊं नये, यांत अभिमान धरण्याजोगें कांहीं नाहीं. ज्यास तिसरींत वाचतां आलें नाहीं त्यास चौथीचा भूगोल व सहावीचें विज्ञान हें सर्व ऐकीव पुराण होऊन बसतें. पाया खचलेल्या भिंतीवर दरवर्षीं एक मजला चढविला जातो, आणि दहावीस ती कोसळली म्हणजे आपण विटेस दोष देतों.

शिक्षकांची बाजूहि ऐकली पाहिजे. जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण यांवांचून इतर बिगरशैक्षणिक कामें शिक्षकांस देऊं नयेत असें कायदा म्हणतो. परंतु माहिती भरण्याचे तक्ते आणि तातडीचे अहवाल यांतून वर्गासाठीं उरलेला वेळ किती, हें कोणत्याहि गुरुजींस विचारावें. असें असूनहि जेथें शिक्षकांस मोकळीक व विश्वास लाभला तेथें काय होऊं शकतें याचा पुरावा सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटाच्या जिल्हा परिषद शाळांनीं दिला. खडे, मणी, फरशीवर आंखलेल्या आकृत्या अशा साध्या साधनांनीं मुलें स्वतः हाताळून शिकूं लागलीं, आणि तें पाहण्यास दूरदूरचे शिक्षक तेथें येऊं लागले. मुलें तींच, त्यांचे आईबाप तेच, गांव तेंच. बदलली ती फक्त शिकविण्याची रीति.

मग घर मोठें कीं शाळा मोठी? अमेरिकेंत १९६६ सालीं जेम्स कोलमन व त्यांचे सहकारी यांनीं सुमारें सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून मोठा अहवाल प्रसिद्ध केला. शाळेच्या इमारती व साधनें यांपेक्षां मुलाच्या घरच्या परिस्थितीचा त्याच्या प्रगतीवर अधिक परिणाम होतो, असें त्यांस आढळलें. एवढेंच वाचून कित्येकांनीं हात झटकले. परंतु त्याच अहवालांत आणखी दोन गोष्टी होत्या: ज्या मुलांची घरची स्थिति हलाखीची, त्यांच्यावर शाळेच्या बऱ्यावाईटपणाचा परिणाम इतरांपेक्षां अधिक होतो, आणि वर्गांत सोबतीस कोण बसतें यानेंहि मुलाची प्रगति घडते वा अडते. याचा आपल्या भाषेंत अर्थ असा कीं, सुस्थितींतील मूल कोणत्याहि शाळेंत घातलें तरी बहुधा तरून जाईल. पण हमालाच्या मुलास शाळा हीच एक नाव आहे.

आणि नेमक्या याच नावेंतून गेल्या दोन पिढ्यांत आपण शहरवासी एकामागून एक उतरून गेलों. ज्या नगरपालिकेच्या शाळेंत आजोबा शिकले तिच्याकडे नातू ढुंकूनहि पाहत नाहीं. वकील, डॉक्टर, व्यापारी यांचीं मुलें गेलीं, तेव्हां त्यांच्याबरोबर शाळेस जाब विचारणारे पालकहि गेले. छत गळतें, गणिताचे शिक्षक वर्षभर नाहींत, तरी बोभाटा करणार कोण? ज्यांचीं मुलें उरलीं त्यांचा आवाज कचेरीच्या पायरीपर्यंतहि पोंचत नाहीं. कोठारी आयोगानें १९६६ मध्यें शेजारशाळेचा पुरस्कार केला तो यासाठींच. त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडील जे. पी. नाईक होते, हें महाराष्ट्रानें विसरूं नये. तें तत्त्व तर आपण बाजूस ठेवलेंच. पण खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठीं राखलेल्या शेंकडा २५ जागाहि कित्येकांच्या डोळ्यांत सलतात. २०२४ सालीं सरकारी शाळेजवळच्या खाजगी शाळांस यांतून सूट देण्याचा नियम राज्यांत केला गेला, तो मुंबई उच्च न्यायालयानें रद्द ठरविला. न्यायालयानें दार उघडें ठेवलें. आंत आलेल्या मुलास शेजारीं बसवून घेणें हें काम न्यायालयाचें नव्हे, आपलें आहे.

‘आम्ही गरिबींतून, दिव्याच्या उजेडांत शिकलों, मग यांस काय झालें?’ असें म्हणणारे गृहस्थ प्रत्येक पेठेंत भेटतात. त्यांच्या कष्टांस आमचा नमस्कार. परंतु त्यांनीं एकदां शांतपणें आठवावें: माधुकरी वाढणारी कोणी माउली, पुस्तकें देणारा कोणी शेजारी, फी माफ करणारे कोणी हेडमास्तर त्यांच्या वाटेवर उभे होते कीं नाहीं? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पार झाले म्हणून पूल बांधूं नये, हा युक्तिवाद बुडालेल्यांच्या आईबापांपुढें करून पाहावा.

आमच्या सूचना थोड्या व आंवाक्यांतल्या आहेत. बाजार समित्या, व्यापारी संघ व देवस्थानें यांचीं सभागृहें संध्याकाळीं बहुधा बंद असतात. तीं दोन तास उघडून दिवा, पाणी व बसावयास सतरंजी एवढी सोय केली तर हमाल, तोलाई कामगार व मोलकरणी यांच्या मुलांस अभ्यासिका मिळेल. शाळा व्यवस्थापन समितींत कायद्यानें तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. मजूर आईबापांस त्या सभेसाठीं मजुरी न कापतां सुटी द्यावी. चौदा वर्षांखालील मूल दुकानांत राबविणें हा २०१६ पासून सर्वच धंद्यांत गुन्हा आहे. ‘त्याच्या बापानेंच आणून सोडलें’ ही सबब कायद्यापुढें चालत नाहीं आणि मनापुढेंहि चालूं नये. ज्या गांवीं हंगामी वसतिगृह आहे तेथील धान्याचा व औषधाचा भार पेठेनें उचलावा. आणि शेवटची सूचना आपल्या स्वतःच्या घराची: दुकान बंद केल्यावर गल्ला मोजण्यापूर्वीं अर्धा तास मुलाजवळ बसावें.

पुढल्या उन्हाळ्यांत पुन्हा निकाल लागेल. पेढे वाटावे, आनंद करावा. परंतु त्या दिवशीं आपल्या हमालासहि जवळ बोलावून ‘तुझ्या मुलीचें काय झालें?’ एवढें विचारावें. ती नापास झाली असेल, तर त्या तोट्यांत आपल्या नांवावर किती रक्कम निघते, तें आपलें आपण वहीत मांडून पाहावें.