सात फुटांचं दार आणि टॉवरवाली बोट

अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजचं दार साधारण ७ फूट उंच असतं. वेकबोर्ड ओढणारी बोट ट्रेलरवर चढवली की दोर बांधायचा तिचा टॉवर दुमडूनही ही उंची ओलांडू शकतो, म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नका. ट्रेलर सपाट जागी उभा करा, टॉवर दुमडा, सर्वांत उंच टोकावर लेव्हल लावून सरळ फळी आडवी धरा आणि तिथून जमिनीपर्यंत टेप सोडा. दाराचं माप चौकटीचं नको. उघडल्यावर दाराची कड खाली लोंबते, तिथून घ्या.

खरा घात उतार करतो. रस्ता गॅरेजकडे चढत असेल, तर ट्रेलर मागे घेताना त्याची चाकं आतल्या फरशीवर येतात तेव्हा गाडीचा हुक अजून खालीच असतो आणि बोटीची मागची बाजू उचलली जाते. उतरता असेल तर नाक वर जातं. ट्रेलर गाडीपासून सोडवून, पुढचा जॅक वर-खाली करत हाताने सरकवला, की हे सांभाळता येतं. त्यासाठी दोन माणसं आणि चाकांना ठोकळे हवेतच.

अनेक बोटी १०२ इंच रुंद असतात. ९ फुटी दारात दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन इंच उरतात. गॅरेजची लांबी कमी पडली, तर वळवून बाजूला घेता येणारा दांडा असलेला ट्रेलर पाहा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. गॅरेजात गॅसचा गीझर असेल, तर बोट आत घेण्याआधी त्याच्या ज्योतीचा विचार करा.