तुरीची तेजी आणि व्यापाऱ्याचे कोठार

कांद्याचे भाव चढले की सरकारे अस्वस्थ होतात आणि वृत्तपत्रांचे मथळे रंगतात. ज्या घरांत कांदा, लसूण, बटाटा शिजत नाही, तेथे या तेजीची झळ फारशी पोहोचत नाही. त्या घरांची खरी कसोटी डाळीच्या भावाने होते. पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य, चातुर्मासात नियम आणखी कडक. अशा दिवसांत वरण, मूग, मटकी आणि चणे यांवरच घराचे पोषण चालते. शिवाय जैन समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यानपिढ्या भुसार मालाच्या व्यापारात आहेत. लातूरचा मोंढा असो, अकोल्याची बाजारपेठ असो की जळगावच्या डाळमिला असोत, तुरीचा भाव या कुटुंबांकडे दोन दारांनी येतो: एकदा स्वयंपाकघरातून आणि एकदा पेढीवरून.

2014 आणि 2015 या लागोपाठच्या दोन वर्षांत पावसाने दगा दिला. मराठवाडा होरपळला. 2015-16 मध्ये देशात तुरीचे उत्पादन सुमारे 25 लाख टनांवर आले आणि 2015 च्या दिवाळीच्या आगेमागे तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला 200 रुपयांपर्यंत गेली. त्या डिसेंबरात डाळींची वार्षिक महागाई 46 टक्क्यांच्या घरात होती. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या 2012 हे आधारवर्ष असलेल्या मालिकेत डाळींचा भार अवघा 2.38 टक्के होता. त्यामुळे एकूण महागाईच्या आकड्यात ही तेजी विरून जाई. मजुराच्या घरात ती विरत नव्हती. 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे 46 टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी 39 टक्के वाटा अन्नावर जातो. ही झाली सरासरी. गरिबाच्या घरी तो वाटा याहून मोठा असतो. किलोने डाळ नेणारे गिऱ्हाईक पावशेरावर आले, की वरण पातळ होते आणि त्या घरातील मुलांच्या ताटातील प्रथिने कमी होतात.

तुरीचा स्वभावच तेजी-मंदीला अनुकूल आहे. मृगाच्या पावसावर पेरलेली तूर खळ्यावर यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. सोयाबीन साडेतीन महिन्यांत शेत मोकळे करून रब्बीला जागा देते. तूर मात्र सहा महिने जमीन अडवते आणि त्या काळात मर रोग, शेंगा पोखरणारी अळी आणि फुलोऱ्याच्या वेळचे ढगाळ हवामान यांच्या तोंडी असते. महाराष्ट्रात ती बहुधा सोयाबीन किंवा कापसात आंतरपीक म्हणूनच येते. पेरणीचा निर्णय शेतकरी गेल्या हंगामाचा भाव पाहून करतो. त्यामुळे टंचाईच्या वर्षानंतर पेरा वाढतो, भाव कोसळल्यावर घटतो, आणि बाजार नेहमी एक वर्ष मागे राहून स्वतःचाच पाठलाग करतो. तुरीच्या वायदे व्यवहारांवर 2007 पासूनच बंदी होती. तरीही 2015 ची तेजी आली. सर्व दोष सट्ट्याच्या माथी मारणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट विसरू नये.

भाव भडकल्यावर राज्यांनी साठ्यांवर मर्यादा घातल्या आणि गोदामांवर छापे टाकले. देशभरात एक लाख टनांहून अधिक डाळी जप्त झाल्या. त्यांतील सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रातला होता. आकडा मोठा वाटतो. पण देशात वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक डाळी लागतात. या हिशेबाने एक लाख टन म्हणजे दीड-दोन दिवसांची गरज. जप्त मालात काही साठेबाजांचा होता, यात शंका नाही. पण जे पीक वर्षातून एकदाच खळ्यावर येते आणि वर्षभर ताटात लागते, ते मधल्या काळात कोणाच्या तरी कोठारात असणारच. शेतकऱ्याला ते ठेवणे परवडत नाही, कारण सावकाराचे आणि बँकेचे देणे दाराशी उभे असते. सरकारकडे त्या वेळी डाळींचा राखीव साठा नव्हता. तो उभारण्याचे काम या तेजीनंतरच सुरू झाले. मग उरला तो व्यापारी.

पुढच्याच हंगामाने याची प्रचीती दिली. 2016 चा पाऊस चांगला झाला, चढ्या भावाच्या आशेने पेरा वाढला आणि तुरीचे पीक 48 लाख टनांच्या आसपास गेले. आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट. बोनससह हमीभाव 5,050 रुपये क्विंटल होता, पण बाजारात तूर चार हजारांच्याही खाली विकली गेली. खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. कोठे बारदान संपले, कोठे गोदाम भरले. शेतकरी आपल्या पोत्यांवर रात्री काढत होते. त्या काळात पडत्या भावात माल उचलणे हे व्यापाऱ्याचे नैसर्गिक काम होते; त्याने भाव सावरला असता. पण तेजीच्या काळात घातलेली साठामर्यादा मंदीतही तशीच होती. डॉ. अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने सप्टेंबर 2016 मध्येच ती उठवण्याची शिफारस केली होती. प्रत्यक्षात ती मे 2017 मध्ये उठली, तोवर शेतकऱ्याची तूर मातीमोल भावाने विकली गेली होती. डाळींच्या निर्यातीवरील 2006 पासूनची बंदी पूर्णपणे उठायला त्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला. ग्राहकाला वाचवण्यासाठी घातलेला बंधारा शेतकऱ्याला बुडवून गेला, आणि हे वाईट हेतूने नव्हे, केवळ उशिराने झाले.

साठवण म्हणजेच पाप, असे जैन परंपरेने कधी मानलेले नाही. सर्वानंदसूरींच्या ‘जगडूचरिता’त तेराव्या शतकातील कच्छच्या भद्रेश्वरचे श्रावक जगडूशा यांची कथा येते. तीन वर्षांचा दुष्काळ येणार, असे परमदेवसूरींनी त्यांना आधीच सांगितले आणि धान्य साठवण्याची सूचना केली. म्हणजे साठा करण्याची प्रेरणा येथे प्रत्यक्ष गुरूंकडून आली. दुष्काळात राजा वीसलदेवाने धान्य मागितले, तेव्हा हे धान्य आपले नाही, असे जगडूशांनी सांगितले; कोठार उघडल्यावर आतल्या ताम्रपटावर ते गरिबांसाठी राखल्याचा लेख सापडला, असे चरित्रकार सांगतो. कथेतील अलंकार बाजूला ठेवले तरी तिचा व्यवहार स्पष्ट आहे. सुकाळात घेतलेला माल दुष्काळात बाहेर आला. साठेबाज नेमका याच्या उलट वागतो. टंचाई दिसताच तो आणखी खरेदी करतो आणि कोठाराचे दार लावून घेतो.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे अतिचार आजच्या डाळबाजारातही ओळखीचे वाटतात. हीनाधिक मापे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल मालात हलका माल मिसळणे. तूरडाळीत लाखेची डाळ मिसळणे हा याचाच प्रकार. तेजीत त्याचा मोह वाढतो, कारण दोन्ही मालांतील भावाचे अंतर वाढते. या बाबतीत व्यापारी वर्गाची बाजू मांडण्याचे कारण नाही. साठामर्यादेचा नियम सदोष असला तरी भेसळीला आणि खोट्या नोंदवह्यांना त्याची सबब चालत नाही; आणि सचोटीच्या पेढ्यांवर जेव्हा छापे पडतात, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा शेजारच्या गोदामातील असाच व्यवहार असतो.

2023 मध्ये हेच चक्र पुन्हा फिरले. 2022-23 चे पीक घटले, मर रोगाने कर्नाटक आणि मराठवाड्यात नुकसान केले, आणि जून 2023 मध्ये केंद्राने तूर व उडदावर साठामर्यादा घातली: घाऊक व्यापाऱ्याला 200 टन, किरकोळ दुकानदाराला 5 टन. सप्टेंबरात घाऊक मर्यादा 50 टनांवर आणली गेली. 2024 च्या उन्हाळ्यात तूरडाळ किलोला 160 रुपयांच्या आसपास होती, आणि जूनमध्ये तूर व चण्यावर पुन्हा मर्यादा आली. दरम्यान म्यानमार, मोझांबिक आणि टांझानियाची तूर शुल्काविना येत राहिली. 2024 चा पाऊस चांगला झाला आणि 2025 च्या प्रारंभी नवी तूर बाजारात आली, तेव्हा भाव 7,550 रुपयांच्या हमीभावाखाली घसरला होता. त्याच जानेवारीत शुल्कमुक्त आयातीची मुदत मार्च 2026 पर्यंत वाढवली गेली. पुढे 2025-26 साठी हमीभाव 8,000 रुपये जाहीर झाला. पण त्या मृगात तूर पेरावी की सोयाबीन, हे ठरवणाऱ्या शेतकऱ्यासमोर जाहीर झालेला भाव आणि मोंढ्यात हाती पडलेला भाव असे दोन आकडे होते.